मास्तरांच्या आतड्याचा सूड

मित्रांनो, मी एक जुने आतडे आहे. हसलात ना? हसा. फुटक्या छत्रीने किंवा रद्दीत निघालेल्या पुस्तकाने आपली कहाणी सांगितली की तुम्ही डोळ्यांत पाणी आणून ऐकता. आतड्याचे नाव काढले की मात्र एकमेकांना कोपरखळ्या मारता. मला डोळे नाहीत, कान नाहीत, पण माणूस जे बघतो, ऐकतो आणि गिळतो ते शेवटी माझ्यापर्यंत उतरतेच. आणि मी काहीही विसरत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी ज्यांच्या पोटात राहते ते कपडे बेतणारे कारागीर आहेत. बाजारपेठेच्या रस्त्यावर त्यांचे शिवणकामाचे दुकान आहे आणि सगळे त्यांना मास्तर म्हणतात. दुकानात शिरले की समोरच कापड बेतण्याचे लांब टेबल, त्यावर खडूची पूड, भिंतीला टांगलेले कागदी नमुने आणि दाराजवळ उजेडात बसून काज करणारे एक म्हातारे गृहस्थ. त्यांना सगळे काजकाका म्हणतात. त्यांच्याबद्दल पुढे बोलायचे आहे, कारण माझ्या वाटणीचे सगळे त्यांनीच खाल्ले.

माझा जन्म मास्तरांबरोबरच झाला. आधी मी अगदी रिकामे होते. मग हळूहळू माझ्याकडे भाडेकरू राहायला आले. डोळ्यांना न दिसणारे ते बारीक जीव काही आईकडून आले, काही दुधातून आले, काही अंगणातल्या मातीतून आणि काही शेजारच्या कुत्र्याच्या जिभेवरून आले. तुम्ही त्यांना सरसकट जंतू म्हणता आणि साबण शोधता. पण ते फार गुणी भाडेकरू होते. भाजीतला जो चोथा मला पचत नाही तो ते खात आणि त्याच्या बदल्यात माझ्या भिंती धडधाकट ठेवणारी द्रव्ये तयार करून देत. मास्तरांची आई जाडेभरडे धान्य, पालेभाज्या, शेंगा आणि घरी लावलेले दही मुलाला आवर्जून खाऊ घाली. तिचे बिऱ्हाड साधे होते, पण माझ्याकडे रोज पंगत बसत असे.

आता माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्याची ओळख करून देते. त्याला मी मेंदूसाहेब म्हणते. आम्हा दोघांमध्ये एक लांबलचक मज्जातंतू आहे. लोकांना वाटते की साहेब वरून हुकूम सोडतात आणि मी खाली मुकाट्याने राबते. मित्रांनो, त्या तारेवरून खाली येणाऱ्या हुकमांपेक्षा वर जाणारे निरोप कितीतरी जास्त असतात. माझ्या भिंतीत मज्जापेशींचे स्वतःचे दाट जाळे आहे. मन स्थिर ठेवते म्हणून ज्या रसायनाचे कौतुक होते, त्याचा मोठा भाग माझ्या भिंतीतच तयार होतो. तो उचलून वर पाठवता येत नाही, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते, पण इथले हालहवाल वर कळतात आणि साहेबांचा मूड त्यावर हलतो. इतके सगळे असून आजवर कोणी मला नमस्कार केलेला नाही.

मास्तर तरुणपणी एका थोरल्या कारागिराच्या हाताखाली शिकले. त्यांचा हात विलक्षण होता. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत ते नुसत्या नजरेने त्याच्या खांद्याचे माप सांगत. थोरले मास्तर खूश होऊन म्हणाले, "याचं डोकं फार सुपीक आहे." तेव्हापासून जो तो डोक्याचेच गुणगान करू लागला. त्या सुपीक डोक्याला खतपाणी कोण पुरवत होते, हे विचारण्याचे कोणाला सुचले नाही. माझ्या मनातली पहिली गाठ त्या दिवशी बसली.

पुढे मास्तरांचे स्वतःचे दुकान झाले, लग्न झाले. त्यांच्या बायकोला दुकानात सगळे वहिनी म्हणतात, म्हणून मीही वहिनीच म्हणते. बेतलेले कापड मास्तर घरी पाठवत, वहिनी घरच्या यंत्रावर ते शिवत आणि दुपारनंतर तयार कपडे घेऊन दुकानात येत. सकाळी मास्तर निघताना त्या हातात डबा देत. त्या डब्यात भिजवून मोड आणलेली कडधान्ये असत, हिरवी भाजी असे, दह्याची वाटी असे. डबा उघडण्याआधीच मला वास येई आणि मी आतून तयारीला लागत असे.

पण दुकान चालू लागले आणि मास्तरांना बसून जेवायला फुरसत मिळेना. डबा खायचा म्हणजे बसावे लागते, चावावे लागते. समोरच्या गाड्यावर भज्यांचे पुडके मिळे, ते एका हाताने खाता येई आणि दुसऱ्या हातात कात्री राही. त्यावर चहा, चहाबरोबर बिस्किटे, आणि घसा कोरडा पडला की बाटलीतले गोड फसफसते पाणी. डबा तसाच परत नेला तर वहिनी विचारतील, म्हणून मास्तरांनी तो काजकाकांसमोर सरकवला. "आज भूक नाही, तुम्ही संपवा," असे ते म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तसेच म्हणाले. मग म्हणायचेही बंद झाले. दुपार झाली की काजकाका न विचारता डबा पुढे ओढत, चवीने जेवत, डबा विसळून ठेवत आणि पुन्हा उजेडाकडे तोंड करून पहिल्याच फटक्यात सुईत दोरा ओवत. म्हातारपणातही त्यांची नजर, त्यांचा हात आणि त्यांचा स्वभाव शांत होता. मला त्यांचा पोटशूळ उठे.

एवढ्यावर भागले असते तर मी कदाचित सोडून दिले असते. पण मास्तरांना जराशी सर्दी झाली की ते खणातून मागच्या वेळची उरलेली, जंतू मारणारी कॅप्सूल काढून घेत. डॉक्टरला विचारणे नाही, काही नाही. सर्दीच्या विषाणूला त्या औषधाचे काडीचेही सोयरसुतक नसते, माझ्या भाडेकरूंची मात्र त्यात सरसकट कत्तल होते. जे वाचले ते उपाशी राहिले, कारण खाली चोथाच येत नव्हता. काही आळ्याच्या आळ्या ओस पडल्या. माझ्या भिंती पातळ झाल्या, जळजळू लागल्या. मी कळ काढून सांगितले, मुरडा देऊन सांगितले. मास्तरांनी जळजळीवरची एक गोळी चघळली आणि माझे तोंड बंद केले.

तेव्हा मी ठरवले. याचा वचपा काढायचा, आणि तोही ज्याचा सगळ्यांना एवढा अभिमान आहे त्या वरच्या मजल्यावर काढायचा.

आहाराचा मनावर नेमका किती आणि कसा परिणाम होतो याचे पुरावे शास्त्रज्ञ अजून गोळा करत आहेत. करोत बिचारे. मी त्यांच्यासाठी थांबले नाही. त्या लांब तारेवरून मी रोज वाईटच बातम्या वर धाडू लागले. आधी मास्तरांची झोप मोडली. मग सकाळी उठल्यापासून उगाचच उदास वाटू लागले. मग चिडचिड सुरू झाली. इस्त्री नीट तापली नाही, चिडले. गिऱ्हाईक हसले, चिडले. त्यांना वाटे, जग बिघडले आहे. जग होते तसेच होते. हळूहळू त्यांच्या विचारांवर धुके धरू लागले. टेप गळ्यात असताना ते टेप शोधत. घेतलेले माप टेबलापर्यंत येईस्तोवर निसटून जाई.

मास्तरांच्या वडिलांना म्हातारपणी विस्मरण झाले होते. शेवटी शेवटी ते स्वतःच्या मुलाला "आपण कोण?" असे विचारत. मास्तरांना जगात एकच भीती होती, की आपलेही डोके असेच जाईल आणि कात्री हातातून सुटेल. ती भीती मला ठाऊक होती. पोटात गोळा येतो तो दुसरीकडे कुठे येणार? मी नेमके तिथेच बोट ठेवत राहिले.

मग ती मखमल आली. गावातल्या एका वयस्कर गायिकेने ती आणली होती. तिच्या आईने तरुणपणी घेऊन ठेवलेले ते कापड होते, गर्द जांभळे, आणि ते विणणारी गिरणी केव्हाच बंद पडलेली. तिला निरोपाच्या मैफलीसाठी त्याचा लांब कोट हवा होता. कापड जेमतेम पुरणारे होते. "तुमच्याशिवाय कोणाच्या हातात द्यायचा धीर होत नाही," असे ती म्हणाली, आणि मास्तर सुखावले.

मित्रांनो, मखमलीला लव असते आणि ती एकाच दिशेला झुकलेली असते. सगळे तुकडे एकाच दिशेने बेतले नाहीत तर कोटाची एक बाजू फिकी आणि एक बाजू गडद दिसते. साधे कापड अपुरे पडले की कारागीर नमुना उलटा फिरवून जागा वाचवतात. मखमलीच्या बाबतीत असे कधीच करायचे नसते. "मखमलीला डोकं आणि पाय असतात," हे मास्तरच हाताखालच्या माणसांना शिकवत. आधी तळवा फिरवून लव ओळखायची, मग मागच्या बाजूने खडूने बाण काढायचा, आणि मगच कात्री लावायची. ही त्यांची आयुष्यभराची रीत होती.

त्या सकाळी ते नुसत्या चहावर आले होते. आदल्या रात्रीचे तळण माझ्याकडे तसेच पडून होते. मी जळत होते आणि वर तसेच कळवत होते. मास्तरांनी मखमल पसरली, नमुने ठेवले, समोरचा डावा भाग बसेना म्हणून तो उलटा फिरवला आणि कात्री चालवली. तळवा फिरवला नाही. बाण काढला नाही.

वहिनींनी घरी शिवण घातली, कोट खिडकीपाशी धरला, उलटसुलट फिरवून पाहिला आणि घाईने त्याची घडी घातली. दुपारी त्या दुकानात आल्या तेव्हा नेमकी गायिका पहिल्या फिटिंगसाठी येऊन बसली होती. वहिनींनी कोट घडी करूनच टेबलावर ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "अहो, एकदा आत जाऊन उजेडात बघा."

त्यांना मास्तरांची अब्रू झाकायची होती. पण मास्तरांनी तिथेच घडी उलगडली. अर्धा कोट गडद, अर्धा कोट उतरलेल्या रंगाचा. दुकानातली कामे थांबली.

"बाण बघून शिवायचं एवढंही कळत नाही तुला?" मास्तर ओरडले. "जन्म गेला शिवण्यात. लक्ष कुठे असतं तुझं?"

वहिनींनी एकवार त्यांच्याकडे पाहिले. बाण नव्हताच, हे सांगायला त्यांना एक वाक्य पुरले असते. गायिकेने कोट उचलून छातीशी धरला, उरलेले तुकडे गोळा केले आणि ती निघून गेली. वहिनी घरी गेल्या, चार कपडे पिशवीत भरले आणि पलीकडच्या वस्तीत धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या.

तुम्ही विचाराल, आता तरी समाधान झाले का? खरे सांगायचे तर माझी भूक आणखी वाढली. वहिनी गेल्यावर घरात चूल पेटेना. सकाळी पाव, दुपारी पाव, रात्री पाव. माझे उरलेसुरले भाडेकरूही गळाठले. पण मागे हटायला मी तयार नव्हते. मला मास्तरांच्या तोंडून खरे ऐकायचे होते.

मास्तर मेंदूच्या डॉक्टरकडे गेले. तिथे मोठ्या यंत्रात झोपवून मेंदूसाहेबांची छायाचित्रे काढली. इतके लाड त्यांचे, आणि मला कोणी ठोकूनही पाहिले नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोक्यात काही दोष दिसत नाही. झोप कशी आहे? जेवणखाण काय असतं?"

मित्रांनो, मी नसलेले कान टवकारले. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझी चौकशी केली होती.

"घरचाच डबा असतो," मास्तर छाती काढून म्हणाले. "भाजी, कडधान्य, दही. बायको देते."

"मग छानच आहे," म्हणून बाईंनी पुढचा प्रश्न विचारला. माझ्या नावावर, मी कित्येक वर्षे न चाखलेल्या डब्याची ग्वाही! परतताना बसमध्ये मी मास्तरांना असे पिळले, असे पिळले, की दोन थांबे आधीच उतरून त्यांना एका हॉटेलच्या मागच्या बाजूला धावावे लागले. तो दिवस मला अजून गोड वाटतो.

पांढरेफटक होऊन ते दुकानात आले आणि स्टुलावर बसले. काजकाका बटण लावत होते. "डोक्याला काही झालेलं नाही म्हणतात," मास्तर म्हणाले. "मग हे होतंय काय मला?"

"मला काय कळतंय त्यातलं?" काजकाका दोरा तोडत म्हणाले. "पण मास्तर, डबा तर मी खात आलो. डोकं तुमचं आणि जेवण माझ्या पोटात, असं किती दिवस निभणार?" मग थोडे थांबून कुरकुरले, "वहिनी गेल्यापासून माझंही पोट कुठे ठीक आहे."

मास्तरांनी टेबलावर तळवा ठेवला आणि तो तसाच राहू दिला. दुसऱ्या दिवशी ते मेव्हणीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"या भावोजी," मेव्हणी म्हणाली. "वाट चुकलात का?" तिने ताट वाढले, पण त्यांच्या शेजारी कोणी बसले नाही. ताटात शेंगांची भाजी होती. कितीतरी दिवसांनी असले काही खाली उतरले आणि मोजक्या उरलेल्या भाडेकरूंनी त्यावर अशी झडप घातली की माझ्यात नुसता गडगडाट सुरू झाला. मेव्हणी तोंडाला पदर लावून आत गेली. वहिनी हसल्या नाहीत.

"माझं डोकं ठिकाणावर नव्हतं," मास्तर म्हणाले.

पाहिलेत? इथेही डोकेच.

"डोक्याचं मला सांगू नका," वहिनी म्हणाल्या. "बाण काढला होता का?"

मी पीळ दिला. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. "नाही. बघितलंच नाही मी. तुझी काही चूक नव्हती." मग आणखी खाली मान घालून म्हणाले, "आणि आणखी एक आहे. तू डबा देतेस ना, तो मी..."

"काजकाका जेवतात. ठाऊक आहे मला."

मास्तरांनी मान वर केली.

"तुम्ही कधी ताट स्वच्छ केलंयत? आणि डबा रोज विसळून घरी यायचा. पहिल्या महिन्यातच कळलं मला. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघितली. मग सोडून दिली. त्यांना दात नाहीत म्हणून कडधान्य मऊ शिजवायला लागले. तिखट कमी केलं. इतकी वर्षं तो डबा मी त्यांच्यासाठीच करते. तुमच्यासाठी मी काही करतच नाही."

हे सगळे त्या अगदी सावकाश म्हणाल्या. मित्रांनो, सूड सूड म्हणून मी इतकी वर्षे जळत होते आणि माझ्यावर कडी करणारा सूड या बाईने मोड आणलेल्या कडधान्यात शिजवून ठेवला होता. मास्तरांच्या पोटात एकदम खड्डा पडला. तो मी पाडला नव्हता.

"घरी चल," ते म्हणाले.

"येईन. पण जिच्यासमोर मला बोललात, तिच्या घरी जाऊन आधी खरं सांगून या. आणि डबा काजकाकांचाच जाईल. तुमचा तुम्ही करायचा."

मास्तर गायिकेकडे गेले. तिच्या खोलीत तंबोऱ्यांना गवसण्या घातलेल्या होत्या. तिथल्या शांततेत मास्तरांना पळ काढावासा वाटला. पण मी घट्ट धरून ठेवले. "बाण मी काढला नव्हता," ते म्हणाले. "कापड मी वाया घालवलं आणि बोल तिला लावला."

गायिकेने त्यांना बसायलाही सांगितले नाही. "माझ्या आईचं कापड होतं ते," ती म्हणाली. "आता जा." ती पुन्हा कधी दुकानाची पायरी चढली नाही. मखमल गेली ती गेलीच.

वहिनी परत आल्या. आता सकाळी घरातून दोन डबे निघतात. एक वहिनींच्या हातचा, एक मास्तरांच्या हातचा. मास्तरांचा घेवडा सुरुवातीला इतका कच्चा असे की मलाच दात असते तर बरे झाले असते. तरी ते नेटाने शिजवतात, बसून खातात. खणातल्या कॅप्सूल त्यांनी टाकून दिल्या आहेत. माझ्याकडे काही नवे भाडेकरू आले, काही जुने कधीच परतले नाहीत. धुके बरेचसे विरले आहे. परवा एका गिऱ्हाइकाने त्यांना म्हटले, "मास्तर, या वयातही काय तल्लख डोकं आहे तुमचं." आणि मास्तर हसले, मित्रांनो. मान डोलावून हसले. माझे नावही घेतले नाही. तेही मी लक्षात ठेवले आहे.

म्हणून तुम्हाला एकच विनंती करते, आणि ती जरा दमात घेऊनच करते. ताटातली भाजी बाजूला सारताना, सर्दीला मनाने औषध घेताना, चार घास उभ्या उभ्या कोंबताना, तुमच्याही पोटात माझ्यासारखे कोणीतरी बसलेले आहे याची आठवण ठेवा. ते गप्प आहे म्हणजे समाधानी आहे असे धरून चालू नका. मीही पुष्कळ वर्षे गप्पच होते.

दुपारी दुकानात दोघे समोरासमोर जेवायला बसतात. काजकाका वहिनींचा डबा उघडतात, वास थेट माझ्यापर्यंत येतो आणि मी आतून पाघळते. "घेताय का घासभर?" ते दर वेळी विचारतात. मास्तर नको म्हणतात आणि आपला डबा खातात. वहिनींनी डब्याची ती एक चूक अजून पोटात घातलेली नाही. चांगलेच केले. माणसे सगळ्यांचे सगळे पोटात घालत जातात, पण तिथे जागा किती असते हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक आहे?